फुटली तर काय होईल? इमारतीसाठी सुरक्षा काच निवडण्याची रीत

काच घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात मजबूत कुठली? उत्तर येतं, "टफन घ्या", आणि पुढची सगळी बोलणी जाडी आणि रंगावर होतात. खरं तर सुरुवात दुसऱ्या टोकाने करायला हवी. काच कितीही चांगली असली तरी एखाद दिवशी फुटू शकते, हे धरूनच चालायचं. मग विचारायचं ते असं: फुटली तर तुकडे कसले होतील, ते कुणावर पडतील, आणि काच गेल्यावर जी मोकळी जागा उरेल तिच्यातून कुणी खाली जाईल का?

चाचण्याही याच अंगाने होतात. युरोपच्या ईएन १२६०० चाचणीत दोन टायर बसवलेला ५० किलोचा लंबक १९०, ४५० आणि १२०० मिमी उंचीवरून काचेवर सोडतात. काच फुटली एवढ्यावरून ती नापास ठरत नाही. ती कशी फुटली, तुकडे केवढे झाले, आरपार भोक पडलं का, हे पाहून तिला वर्ग मिळतो. आपणही निवड याच क्रमाने करू. पण त्याआधी काचांची ओळख करून घ्यायला हवी, कारण दुकानात नावं बरीच ऐकू येतात आणि त्यांतली काही सुरक्षा काच नसतातच.

साधी काच

बहुतेक जुन्या खिडक्यांत असते ती फ्लोट काच. वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून सपाट करायची ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, आणि आज इमारतींतली जवळपास प्रत्येक काच मुळात याच पद्धतीने बनते. साधी फ्लोट हवी तशी कापता येते, दिसायला स्वच्छ असते. मात्र फुटते तेव्हा लांब, टोकदार, धारदार तुकडे होतात. माणूस काचेतून आरपार गेला तर पहिल्या धक्क्यापेक्षा हात मागे ओढताना जास्त कापतं. पुढच्या सगळ्या काचा म्हणजे या दोषावर काढलेले वेगवेगळे तोडगे आहेत.

टफन काच

साधी काच मापात कापून, कडा घासून, भोकं पाडून तयार केली की ती भट्टीत ६२० ते ६५० अंशांच्या आसपास तापवतात आणि बाहेर काढताक्षणी दोन्ही अंगांनी थंड हवेचा जोरदार मारा करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो. गाभा मागाहून थंड होताना आकसतो आणि पृष्ठभागाला आत खेचत राहतो. त्यामुळे बाहेरचे थर कायमचे दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणात, अशी स्थिती काचेत गोठून राहते. काच मोडते ती पृष्ठभागावरचे डोळ्यांना न दिसणारे चरे ताणामुळे उघडत गेल्याने. टफनमध्ये ते चरे आधीच दाबून बंद झालेले असतात. पुस्तकांची आडवी रांग दोन्ही टोकांनी घट्ट दाबली की अख्खी रांग उचलता येते आणि मधलं एकही पुस्तक पडत नाही, तसाच हा प्रकार आहे. आधी तो दाब संपवावा लागतो, मगच काचेवर खरा ताण येतो. म्हणून टफन काच साध्या काचेच्या चार ते पाच पट भार सोसते. साधी काच ४० अंशांच्या आसपासच्या तापमानाच्या फरकाने तडकू शकते, तिथे टफन सुमारे २०० अंशांचा फरक पेलते.

ती फुटली की गाभ्यात साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते आणि अख्ख्या काचेचे बोथट खडे होतात. मानकांनुसार ४ ते १२ मिमी जाडीच्या टफन काचेच्या ५० मिमी बाय ५० मिमी चौकोनात निदान ४० तुकडे व्हायला हवेत. खरचटेल, पण शीर कापण्याचा धोका फार कमी होतो.

इथवर विक्रेताही सांगतो. पुढचं सहसा कुणी सांगत नाही.

टफन काचेचा कमकुवत भाग म्हणजे तिची कड. काचेच्या सपाट बाजूवर मधोमध बुक्का मारला तरी काही होत नाही, पण शॉवरच्या दाराचा खालचा कोपरा फरशीला टेकला की क्षणात पूर्ण काच खाली. कोपऱ्यावर दाबाचा थर लवकर भेदला जातो, आणि तडा एकदा गाभ्यात शिरला की थांबत नाही.

दुसरं असं की ताकद वाढली तरी ताठपणा वाढत नाही. साधी आणि टफन, दोन्ही काचा सारख्याच भाराने सारख्याच वाकतात. "टफन आहे ना, मग १२ ऐवजी ८ मिमी चालेल" असं म्हणून बसवलेलं पार्टिशन मोडणार नाही कदाचित, पण दार आपटलं की डुगडुगेल.

तिसरी गोष्ट निकेल सल्फाइडची. काच बनताना त्याचे अतिसूक्ष्म कण कधीकधी आत राहून जातात. भट्टीतल्या तापमानाला या कणाचं रूप वेगळं असतं, आणि काच झटकन थंड केल्यामुळे ते रूप तसंच अडकून पडतं. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी कण आपल्या मूळ रूपात परतू लागतो आणि २ ते ४ टक्के फुगतो. तो ताणात असलेल्या गाभ्यात असेल तर एरवी कुणी हातही न लावलेली काच आपोआप फुटते. फुटलेली काच चौकटीत उभी राहिली असेल तर जवळ जाऊन नीट पाहा. सगळे तडे एका ठिकाणाहून निघालेले दिसतात. तिथे आजूबाजूच्या खड्यांहून मोठे असे दोन बहुकोनी तुकडे एकमेकांना चिकटून, फुलपाखराच्या पंखांच्या आकारात बसलेले असतात. त्या दोघांमधल्या सरळ रेषेवर, काचेच्या जाडीच्या मध्यावर, टाचणीच्या टोकाहूनही बारीक काळा ठिपका सापडला, तर संशय निकेल सल्फाइडवर घ्यायचा. ठिपका नसेल आणि तडे कडेपासून किंवा भोकापासून निघालेले असतील तर दोष बहुधा बसवण्याचा किंवा धक्क्याचा.

यावरचा उपाय म्हणजे हीट-सोक. टफन झालेल्या काचा पुन्हा भट्टीत ठेवून साधारण २६० ते २९० अंशांवर काही तास तापवतात. ज्या फुटायच्या त्या तिथेच फुटतात. धोका शून्य होत नाही, पण खूप कमी होतो. उंचावरच्या प्रत्येक टफन काचेसाठी हीट-सोक मागावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हीट-स्ट्रेंग्थन्ड काच

भट्टी तीच, पण थंड करायचं सावकाश. टफन काचेच्या पृष्ठभागावर किमान ६९ मेगापास्कल दाब असतो, हिच्यावर २४ ते ५२. ताकद साध्या काचेच्या सुमारे दुप्पट, आणि निकेल सल्फाइडची भीती जवळजवळ नाही. मात्र फुटताना मोठाले तुकडे होतात, म्हणून एकेरी हीट-स्ट्रेंग्थन्ड काच सुरक्षा काच मानली जात नाही. तिचं खरं काम लॅमिनेटेडच्या, म्हणजे मध्ये फिल्म घालून चिकटवलेल्या काचेच्या आत आहे.

लॅमिनेटेड काच

१९०३ मध्ये एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक काचेचा फ्लास्क खाली पडला. तो तडकला, पण विखुरला नाही. आत सेल्युलोज नायट्रेटचं द्रावण सुकून त्याचा पापुद्रा चिकटलेला होता. १९०९ मध्ये त्याने दोन काचांमध्ये असा थर घालण्याचं पेटंट घेतलं. तो पहिला थर उन्हाने पिवळा पडायचा. १९३० च्या दशकात त्याची जागा पॉलिव्हिनाइल ब्युटिरल म्हणजे पीव्हीबीने घेतली. आजही बहुतेक लॅमिनेटेड काचांमध्ये तीच फिल्म असते.

फिल्मची जाडी ०.३८ मिमीच्या पटीत येते. म्हणून मापं अशी विचित्र: ६.३८ म्हणजे ३ + ३ आणि मध्ये एक थर, ८.७६ म्हणजे ४ + ४ आणि दोन थर, १३.५२ म्हणजे ६ + ६ आणि चार थर. कोटेशनमध्ये नुसतं "१२ मिमी लॅमिनेटेड" लिहिलं असेल तर परत पाठवा. काच कुठली आणि फिल्म किती, हे त्यातून कळतच नाही.

काच फुटली तरी तुकडे फिल्मला धरून राहतात आणि अडथळा जागेवर उभा राहतो. शिवाय ही फिल्म जवळपास सगळी अतिनील किरणं अडवते आणि आवाजही कमी करते. पण मधल्या फिल्मसोबत काच कुठली घेतली यावर फुटल्यानंतरचं वागणं अवलंबून असतं, आणि फसगत होते ती इथेच. साध्या किंवा हीट-स्ट्रेंग्थन्ड काचांचं लॅमिनेट दोन्ही थर फुटल्यावरही बऱ्यापैकी ताठ राहतं, कारण मोठे तुकडे एकमेकांत अडकून बसतात. टफनच्या दोन्ही थरांचे खडे झाले तर मात्र ताठपणा नावाला उरत नाही. अख्खी काच मऊ पडून वाकते आणि कडा नीट पकडलेल्या नसतील तर स्वतःच्या वजनाने चौकटीतून निसटून पूर्णच्या पूर्ण खाली येऊ शकते. डोक्यावरच्या काचेत हीट-स्ट्रेंग्थन्ड लॅमिनेट पसंत करतात ते यामुळे.

पीव्हीबी उन्हात मऊ होते आणि सतत भार असेल तर सरकते. जिथे काचेवरच भिस्त आहे, उदाहरणार्थ वरून पट्टी नसलेलं रेलिंग किंवा काचेची पायरी, तिथे आयनोप्लास्ट थर वापरतात. सेंट्रीग्लास हे त्यातलं सर्वांत परिचित नाव, बाजारात एसजीपी म्हणतात. हा थर पीव्हीबीच्या मानाने सुमारे शंभर पट ताठ असतो आणि कडेला ओल लागली तरी सहज सुटत नाही. महाग आहे, पण अशा जागी तो वगळून केलेली बचत मला पटत नाही.

बाकीच्या काचा थोडक्यात

तारेची काच पाहून सुरक्षित वाटते. प्रत्यक्षात तारेमुळे ती साध्या काचेहून कमकुवत होते, आणि कुणी हात आरपार घातला तर तुटलेल्या तारा मांस फाडतात. तार तिथे आगीत तडकलेली काच धरून ठेवण्यासाठी आहे. अमेरिकेच्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडने २००३ मध्ये शाळांत आणि २००६ मध्ये माणूस आदळू शकेल अशा सर्वच जागी जुन्या पद्धतीच्या तारेच्या काचेला बंदी केली.

दुहेरी काच म्हणजे डीजीयू (मध्ये पोकळी ठेवून जोडलेल्या दोन काचा) हा सुरक्षा काचेचा प्रकार नाही. तिच्यातली प्रत्येक काच वेगळी तपासायची. रासायनिक पद्धतीने कडक केलेली काच पातळ आणि मजबूत असते, पण मोठ्या तुकड्यांत फुटते. पॉलिकार्बोनेट फुटत नाही म्हणावं इतकं चिवट आहे, पण त्यावर ओरखडे लगेच पडतात, उन्हात ते प्रसरण पावतं आणि जळतं.

पायरी १: प्रत्येक जागेला चार प्रश्न

नकाशा समोर घ्या आणि एकेका काचेवर बोट ठेवून विचारा.

माणूस चालता-चालता हिच्यावर आदळू शकतो का? हिच्याखाली माणसं असतात का? हिच्यामागे खोल उतार किंवा मोकळी पोकळी आहे का? आग, चोर किंवा स्फोट यांपैकी काही अडवायचं आहे का?

पहिल्याच प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर टफन किंवा लॅमिनेटेड, दोन्ही चालतात. दुसऱ्याचं किंवा तिसऱ्याचं "हो" असेल तर लॅमिनेटेडशिवाय पर्याय धरू नका. चौथ्याचं "हो" असेल तर विशेष काच लागते आणि तिचं प्रमाणपत्र मागावं लागतं. नव्वद टक्के गोंधळ इथेच मिटतो. (ही टक्केवारी मोजलेली नाही, बोलीभाषेतली आहे.)

पहिल्या प्रश्नासाठी ब्रिटनच्या नियमांतली मापं लक्षात ठेवायला सोपी आहेत: जमिनीपासून ८०० मिमी उंचीच्या आतली काच, आणि दारात किंवा दाराच्या दोन्ही कडांपासून ३०० मिमीच्या आत असलेली १५०० मिमी उंचीपर्यंतची काच, धोक्याची मानायची. आपल्याकडे काचेच्या वापरासाठी आयएस १६२३१ आणि सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ ही मानकं आहेत. काम सुरू करण्याआधी स्थानिक नियम तपासणं आलंच.

पायरी २: जागेनुसार निवड

बिनचौकटीचं दार. इथे टफनच. भोकं आणि खाचा पाडाव्या लागतात, रोज हिसके बसतात. साधी लॅमिनेटेड यात टिकणार नाही. १० किंवा १२ मिमी सर्रास वापरतात. मोठ्या पारदर्शक काचेवर डोळ्यांना दिसेल अशी खूण हवीच. ब्रिटिश नियमांत ती दोन पट्ट्यांत सांगितली आहे: ८५० ते १००० मिमी आणि १४०० ते १६०० मिमी उंचीवर. उजेडात पांढरी आणि अंधारात काळी खूण लपते, हेही पाहा.

शॉवर आणि बाथरूम. पुन्हा टफन. ओल सतत असल्याने उघड्या कडांचं पीव्हीबी लॅमिनेट इथे काही वर्षांत कडेने पांढुरकं पडू लागतं. लॅमिनेटेड हवीच असेल तर टफन-लॅमिनेटेड घ्या आणि कडा झाकून घ्या.

बाल्कनी आणि जिन्याचं रेलिंग. इथे थांबून विचार करावा असं मला वाटतं, कारण एकेरी टफनची रेलिंगं सगळीकडे दिसतात. काच फुटली की ती पूर्ण खाली येते. तिला टेकलेल्या माणसाला अडवायला मागे काही उरत नाही, आणि खालून जाणाऱ्यांवर खड्यांचा सडा पडतो. खडे सुटे पडले तर ठीक, पण ते एकमेकांत अडकलेल्या जड ढेकळांच्या रूपातही पडतात. टोरोंटोत २०११ च्या उन्हाळ्यात अनेक उंच निवासी इमारतींच्या बाल्कन्यांच्या टफन काचा फुटून रस्त्यावर पडल्या. पुढच्याच वर्षी ओंटारिओ प्रांताने इमारत नियम बदलले आणि स्लॅबच्या कडेबाहेरच्या रेलिंगसाठी हीट-स्ट्रेंग्थन्ड लॅमिनेटेड काच सक्तीची केली. रेलिंगसाठी लॅमिनेटेड घ्या. वर सलग पट्टी घ्या, म्हणजे एक काच गेली तरी हाताला आधार उरतो. आणि खालच्या चॅनेलमधून पाणी निघून जायला वाट ठेवा.

स्कायलाइट, छत, तिरकी काच. तळाची, म्हणजे माणसांच्या बाजूची काच लॅमिनेटेड हवी, दुहेरी युनिटमध्येसुद्धा. वरची टफन चालेल. लॅमिनेटमध्ये हीट-स्ट्रेंग्थन्ड थर आणि चारही कडा पकडलेल्या, हा जोडीचा उत्तम नमुना.

बाहेरची मोठी दर्शनी काच. गडद किंवा परावर्तक काच उन्हात तापते. तिचा मधला भाग गरम आणि चौकटीतली कड थंड राहिली की साधी काच तडकते. असा तडा ओळखायला सोपा आहे: कडेपासून काटकोनात निघतो आणि मग वळणं घेतो. अशा ठिकाणी हीट-स्ट्रेंग्थन्ड लागते, आणि खाली रहदारी असेल तर लॅमिनेटेड.

आगीपासून बचाव. टफन आणि साधी लॅमिनेटेड, दोन्हींचा इथे उपयोग नाही. अग्निरोधक काचेवर ई, ईडब्ल्यू, ईआय अशी अक्षरं आणि मिनिटं लिहिलेली असतात. ई ज्वाला आणि धूर अडवते. ईडब्ल्यू उष्णतेचं प्रारणही मर्यादित ठेवते. ईआय पलीकडच्या पृष्ठभागाचं तापमान सुरुवातीच्या तापमानाहून सरासरी १४० अंशांपेक्षा जास्त वाढू देत नाही. पळून जायच्या मार्गाला लागून असलेल्या भिंतीत ईआय हवी. आणि ते प्रमाणपत्र चौकट, गॅस्केट (काच आणि चौकट यांच्यामधली मऊ पट्टी), कडी यांसह पूर्ण जोडणीचं असतं. नुसती काच आणून साध्या ॲल्युमिनियम चौकटीत बसवली की त्या कागदाला अर्थ उरत नाही.

चोरी. जाड फिल्मची लॅमिनेटेड. ईएन ३५६ मध्ये पी१ए ते पी५ए वर्गांसाठी ४ किलोंहून जड पोलादी गोळा टाकतात आणि पी६बी ते पी८बी साठी कुऱ्हाडीचे घाव घालतात. मात्र याची दुसरी बाजू विसरू नका. जी काच चोराला फुटत नाही ती आगीत अडकलेल्या माणसालाही फुटत नाही. खोलीला दुसरी वाट नसेल तर निदान एक खिडकी आतून उघडणारी ठेवा.

पायरी ३: जाडी आणि वजन

जाडी वाऱ्याच्या दाबावरून, मापावरून आणि कडा किती बाजूंनी पकडल्या आहेत यावरून ठरते. मोठ्या काचेसाठी ती स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या. आपल्याला मात्र एक फसवी समजूत टाळता आली पाहिजे: ६ + ६ लॅमिनेटेड म्हणजे १२ मिमी अखंड काच, ही. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. दोन सुट्या ६ मिमी काचा एकावर एक ठेवल्या तर त्या मिळून १२ मिमीच्या एक चतुर्थांशच ताठ भरतात. पीव्हीबीचं लॅमिनेट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी बसतं, आणि ऊन व सततचा भार असेल तर खालच्या टोकाकडे सरकतं.

वजन काढणं सोपं आहे. एक चौरस मीटर, एक मिमी जाड काच अडीच किलो भरते. ९०० बाय २१०० मिमीचं १२ मिमी दार सुमारे ५७ किलोंचं होतं. फ्लोअर स्प्रिंग किंवा बिजागरी तेवढ्याची आहे ना, ते पाहा. १२०० बाय २४०० मिमीचा १३.५२ चा तुकडा फिल्म धरून ९० किलोंच्या घरात जातो. तो जिन्यातून वर कसा न्यायचा, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा.

पायरी ४: ऑर्डर

टफन काच नंतर कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कड घासताही येत नाही. त्यामुळे माप भिंतीचं प्लॅस्टर आणि फरशी झाल्यावरच घ्या, उंची-रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा, आणि भिंत ओळंब्यात नसेल तर तेही लिहून द्या.

भोकांचे नियम युरोपीय मानकात असे आहेत: भोकाचा व्यास काचेच्या जाडीपेक्षा कमी नको, भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत किमान जाडीच्या दुप्पट आणि कोपऱ्यापर्यंत सहापट अंतर हवं. १२ मिमी काचेत हे २४ आणि ७२ मिमी होतं. डिझायनरला कुलूप अगदी कोपऱ्यात हवं असतं. तिथे नाही म्हणा.

कोटेशनमध्ये लिहून घ्यायचं ते एवढं: प्रत्येक काचेची जाडी आणि प्रकार, फिल्मचा प्रकार व जाडी, हीट-सोक केलं का, कडा पॉलिश की नुसत्या घासलेल्या, मानकाचा क्रमांक आणि कायमची खूण कुठे असेल.

पायरी ५: माल आल्यावर

कोपऱ्यातली खूण पाहा. टफनवर ती भट्टीत जाण्याआधीच उमटवलेली असते, नखाने निघत नाही. स्टिकरवर विसंबू नका. साधी लॅमिनेटेड मोठ्या शीटमधून कापून येते, तिच्यावर खूण नसेलही. तिची कड उजेडात आडवी धरा. दोन हिरवट पट्ट्यांच्या मधोमध फिल्मची बारीक रेघ दिसते. तिच्या बाजूला बुडबुडे किंवा पांढुरका डाग असेल तर काच परत.

टफन ओळखायला ध्रुवीकृत गॉगल लावा आणि काचेत पडलेलं मोकळ्या आभाळाचं प्रतिबिंब तिरक्या नजरेने पाहा. हवेच्या माऱ्याच्या जागी राखाडी ठिपक्यांची नक्षी दिसते. हा दोष नाही. हीट-स्ट्रेंग्थन्डमध्येही असे डाग दिसतात, म्हणून या दोघींतला फरक मात्र गॉगलने कळत नाही. त्याला पृष्ठभागाचा ताण मोजणारं उपकरण लागतं. दुहेरी काच आहे का हे पाहायला काचेजवळ टॉर्च धरा: एकेरीत दोन, दुहेरीत चार प्रतिबिंबं दिसतात.

कडा बोटाने नाही, डोळ्यांनी तपासा. कडेवर टवका उडालेली टफन बसवू नका, मग तो टवका चौकटीत लपणारा का असेना.

पायरी ६: बसवणं

काच धातूला, दगडाला किंवा काँक्रीटला कुठेही थेट टेकता कामा नये. खाली रबराचे ठोकळे, साधारण रुंदीच्या एक चतुर्थांश अंतरावर दोन्हीकडे; बाजूंनी गॅस्केट. पॅच फिटिंगच्या (बिनचौकटीची काच पकडणाऱ्या धातूच्या पकडीच्या) आतला फायबर गॅस्केट पडून गेला म्हणून तसाच स्क्रू आवळला, की ती काच उद्या नाही तर परवा जाणार.

लॅमिनेटेडच्या कडेला आंबट वासाचं ॲसिटिक सिलिकॉन लावू नका. ते पीव्हीबी खराब करतं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे आम्ल न सोडणारं सिलिकॉन मागा. चौकटीच्या तळाशी पाणी साचलं तर फिल्म सुटते, म्हणून निचऱ्याची भोकं मोकळी ठेवा. जवळ वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग चालू असेल तर काच झाका. ठिणग्या काचेत रुततात आणि टफनच्या पृष्ठभागावर पडलेला खोल चरा घासून काढता येत नाही.

चौकट हा काचेइतकाच महत्त्वाचा भाग आहे. १९९३ मध्ये टोरोंटोत, एका टॉवरच्या चोविसाव्या मजल्यावर, खिडकीची काच अभेद्य आहे हे पाहुण्यांना दाखवायला एक वकील तिच्यावर अंगाने आदळला. काच फुटली नाही. ती चौकटीतून सुटली, आणि त्या माणसाचा जीव गेला.

आधीपासून साधी काच असेल तर

सगळं बदलणं शक्य नसतं. अशा वेळी आतून चिकटवायची पारदर्शक सुरक्षा फिल्म हा कामचलाऊ पण खरा उपाय आहे. ती किमान १०० मायक्रॉनची असावी, चाचणीचा वर्ग तिच्या कागदांत लिहिलेला असावा आणि कडेपर्यंत लावलेली असावी. मध्येच कापून लावलेली फिल्म निम्मं काम करते. गडद फिल्म टाळा. तिने काच तापून तडकते. बदलायला पैसे थोडे असतील तर क्रम असा लावा: आधी रेलिंग आणि छत, मग दारं व त्यांच्या बाजूच्या काचा, मग खिडक्यांचा खालचा भाग.

आणि बसवलेली काच फुटलीच तर घाईने ठोकून पाडू नका. आधी खालची जागा मोकळी करून दोरी बांधा. तडकलेली टफन चौकटीत उभी असेल तर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून मगच ती उतरवा. लॅमिनेटेडचा एकच थर तडकला असेल तर लगेचची घाई नाही, पण ती काच आता अर्ध्या ताकदीवर उभी आहे. तिला टेकू देऊ नका आणि बदलण्याची ऑर्डर त्याच आठवड्यात द्या. झाडू फिरवण्याआधी फोटो काढा, आणि तडे जिथून सुरू झाले तिथले तुकडे कागदात गुंडाळून ठेवा. पुरवठादार "तुमच्याच माणसाने ठोकली असणार" म्हणतो तेव्हा दाखवायला तेच हाताशी असतात.